आइस्क्रीमचा छोटा हत्ती घेतलाय, विमा नक्की कशाकशाचा काढू?

ऐरोलीची आई

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळंच लिहिते.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत पॅकिंगला मी एकोणीस वर्षं काढली. कंपनी बंद झाली. हातात आले त्या पैशांतून फेब्रुवारीत कळव्याच्या एका गृहस्थांकडून सेकंडहँड छोटा हत्ती टेम्पो घेतला. मागे पत्र्याची पेटी बसवलेली आहे, आत प्लेटवाला फ्रीजर. रात्री घरच्या बोर्डाला वायर लावायची, सकाळपर्यंत प्लेटा गोठतात, मग दिवसभर माल टिकतो. गाडी माझ्या नावावर झाली आहे. मला गाडी येत नाही, मुलगा चालवतो (वय २४, साधं कारचं लायसन्स). सोबत दिराचा मुलगा असतो, कप-कोन द्यायला आणि सुट्टे पैसे सांभाळायला. संध्याकाळी आमच्याच सेक्टरांत, रविवारी वाशीला खाडीकडे, शिवाय सोसायट्यांच्या वाढदिवसाच्या ऑर्डरी.

विम्याचं असं आहे. जुन्या मालकाची पॉलिसी जुलैपर्यंत चालू आहे. ज्यांनी गाडी मिळवून दिली ते एजंट म्हणाले, "ताई, पॉलिसी गाडीची असते, माणसाची नाही. जुलैत बघू." दुसऱ्या एकांनी दुकानदारांची पॅकेज पॉलिसी गळ्यात मारायला घेतली आहे. म्हणे त्यात माल, आग, चोरी सगळं येतं. यूट्यूबवर बघायला गेले तर सगळं अमेरिकेतलं. तिथे ट्रक, माल, गिऱ्हाईक घसरून पडलं तर त्याचा खर्च, असं सगळं धंद्याच्या पॉलिस्यांत बसवून देतात असं दिसलं. आपल्याकडे असलं काही मिळतं का?

आता खरं कारण सांगते. एप्रिलमध्ये एका रात्री एमसीबी (बोर्डावरचा सुरक्षेचा स्विच) पडला आणि कोणाला कळलंच नाही. सकाळी पेटी उघडली तर मँगो कुल्फीचं सरबत झालं होतं. अकरा हजारांचा माल गेला. ते मी गिळलं. पण गेल्या रविवारी मुलगा गाडी रिव्हर्स घेत होता आणि पाच-सहा वर्षांचा एक मुलगा हातात वीस रुपये घेऊन मागून धावत आला. त्याच्या बापानं कॉलर धरून मागे ओढला म्हणून वाचला. काही झालं नाही. पण तेव्हापासून मला झोप नाही. काही झालं असतं तर कोणी भरलं असतं? आमच्याकडे घर सोडून विकायला काही नाही.

---

तलावपाळीवाला

ताई, मी कुल्फीत पंधरा वर्षं आहे. आधी हातगाडी, आता तीनचाकी. दोन गोष्टी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

एक, आरसी (गाडीच्या नोंदणीचा कागद) बाहेर काढा आणि गाडीच्या मागे उभ्या राहून वाचा. कागदावर जे लिहिलंय तेच समोर उभं आहे का ते बघा. बहुतेकांचं नसतं.

दोन, इंजिन चालू ठेवून धंदा करायचा नाही. आमच्यातले कितीतरी जण उन्हात फ्रीजरला करंट मिळावा म्हणून गाडी चालूच ठेवतात. चावी लटकतेय, पोरगा लघवीला गेलाय, मालक पलीकडे चहा पितोय. माझ्या ओळखीच्याची गाडी अशीच चोरीला गेली. विमा कंपनीनं दुसरी चावी मागितली, मग प्रश्नावर प्रश्न. दोन वर्षं झाली, अजून खेटे घालतोय. तुमची प्लेटवाली आहे, तुम्हाला गरजच नाही. पोरांना सांगून ठेवा.

---

घणसोली टेम्पो

एवढा विचार कशाला? दुसऱ्याला लागलं तर त्याचा तो थर्ड पार्टी विमा काढा आणि मोकळे व्हा. पोलीस तेवढंच विचारतात. माझा मित्र तर पांढऱ्या नंबर प्लेटच्या व्हॅनमधून आइस्क्रीम विकतो, आजवर काही झालं नाही.

---

चरईतला सर्व्हेअर

वाहनांच्या क्लेमचा सर्व्हे करण्यात माझी तीसेक वर्षं गेली, आता निवृत्त आहे. ताईंनी सगळं नीट लिहिलंय, म्हणून मीही सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी त्या एजंटचं वाक्य. "पॉलिसी गाडीची असते" हे अर्धंच खरं आहे. मोटार वाहन कायद्याच्या १५७ व्या कलमानुसार गाडी विकली की थर्ड पार्टीचं संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप येतं. म्हणजे त्या रविवारी दुर्दैवानं काही घडलं असतं, तरी त्या मुलाच्या घरच्यांना नुकसानभरपाई विमा कंपनीकडून मिळाली असती. तेवढ्यापुरतं निर्धास्त झोपा. पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, म्हणजे ओन डॅमेज, हे असं आपोआप येत नाही. त्यासाठी नाव बदलल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज द्यायचा असतो. फेब्रुवारीतली गाडी, म्हणजे ते दिवस केव्हाच गेले. आज गाडी जळाली तर जुन्या मालकाची गाडी उरलेली नाही आणि तुमची पॉलिसी झालेली नाही. दोघांनाही पैसे नाहीत. जुलैची वाट बघू नका. आरसीची प्रत घेऊन उद्याच कंपनीच्या ऑफिसात जा. ते गाडी तपासतील, जुन्या मालकाच्या नो क्लेम बोनसचा फरक भरायला लावतील (क्लेम केला नाही म्हणून हप्त्यात मिळणारी सूट; तो बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर येत नाही) आणि पॉलिसी तुमच्या नावावर करून देतील.

थर्ड पार्टीच्या हप्त्यासाठी चार एजंटांकडे फिरू नका. तो दर सरकार ठरवतं. २०२२ च्या अधिसूचनेत ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला १६,०४९ रुपये आहेत, तीनचाकी मालवाहूला ४,४९२. कुठल्याही कंपनीत तेवढेच, वर जीएसटी. कोणी "तुम्हाला स्वस्तात देतो" म्हणालं तर ते फक्त ओन डॅमेजच्या भागात. माणसाच्या मृत्यूला किंवा दुखापतीला या संरक्षणात कंपनीच्या देण्यावर मर्यादा नसते, कोर्ट ठरवेल तेवढी रक्कम. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे.

मुलाच्या लायसन्सबद्दल. पूर्वी यावर कंपन्या फार भांडायच्या, मालवाहू गाडीला वेगळा शेरा हवा म्हणून. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ते मिटवलं. ७,५०० किलोच्या आतली गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर चालवता येते. निकालाची एक प्रत मोबाइलमध्ये ठेवा. नाक्यावर उपयोगी पडते.

आता फ्रीजर. माझ्या कामात आइस्क्रीमवाले, मासेवाले, दूधवाले सगळे इथेच अडकायचे. पॉलिसीत गाडीची जी किंमत लिहितात, आयडीव्ही, ती कारखान्यातून निघालेल्या गाडीची. मागे बसवलेली पेटी, प्लेटा, कॉम्प्रेसर हे त्यात धरलेलं नसतं. ते वेगळं लिहून, त्याची किंमत सांगून, जादा हप्ता भरून जोडावं लागतं. विजेच्या उपकरणांना जुन्या टॅरिफमध्ये (ठरलेल्या दरपत्रकात) किमतीच्या चार टक्के हप्ता होता, त्यावरून अंदाज घ्या. तुम्ही पेटीसकट गाडी घेतलीत, तर पेटीचं बिल जुन्या मालकाकडून मागून घ्या. मिळत नसेल तर फ्रीजरवाल्याकडून किमतीचा कागद करून घ्या. आणि आरसीवर गाडीचा प्रकार काय लिहिलाय ते बघा. तलावपाळीवाले बरोबर बोलले. मूळ गाडीत बदल केला असेल तर ५२ व्या कलमाखाली आरटीओकडून आरसीवर नोंद हवी. नाहीतर क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न तोच येतो.

अजून एक बारीक गोष्ट. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, रंगकाम हे साध्या अपघातात धरत नाहीत, गाडी पूर्णच गेली तर गोष्ट वेगळी. "आयएमटी २३" नावाची पुरवणी घेतली तर ते येतं. रिव्हर्समध्ये खांबाला ठोकणाऱ्या मुलाच्या आईनं ती घ्यावी. (रागावू नका, माझाही मुलगा तसाच चालवतो.)

आणि पाऊस. एका जुलैत वंदना थिएटरजवळ पाणी भरलं होतं, त्यात एक आइस्क्रीमचा टेम्पो बंद पडला. पुराचं नुकसान पॉलिसीत होतं. पण आत माल वितळतोय म्हणून ड्रायव्हरनं पाण्यातच चार वेळा स्टार्टर मारला. पाणी सिलिंडरमध्ये शिरलं, कनेक्टिंग रॉड वाकला. मी इंजिन उघडून बघितलं आणि रिपोर्टात लिहावंच लागलं की हे नुकसान पाणी शिरल्यानं नाही, नंतर स्टार्टर मारल्यानं झालंय. धुण्या-पुसण्याचा आणि वायरिंगचा खर्च मिळाला, इंजिनाचा नाही. त्या दिवशी आत माल होता सहा हजारांचा. पाणी दिसलं तर चावी काढायची आणि माल पोरांना वाटून टाकायचा.

घणसोलीकर, तुमच्या मित्राला सांगा. खासगी नोंदणीच्या गाडीतून धंदा करणं हा पॉलिसीच्या अटीचा भंग आहे. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये अशाच एका प्रकरणात विमा कंपनीला क्लेमचे पंचाहत्तर टक्के मालकाला द्यायला लावले हे खरं. पण ते मिळायला माणूस दिल्लीपर्यंत लढला होता.

---

ऐरोलीची आई

काका, तुमचं पोस्ट मी मुलाला मोठ्यानं वाचून दाखवलं. बंपरच्या वाक्याला आम्ही दोघंही हसलो.

आरसी बघितली. लिहिलंय "गुड्स कॅरिअर", बॉडी "ओपन". म्हणजे उघडा हौदा! आणि समोर उभी आहे बंद पेटी, वर पेंग्विनचं चित्र. जुन्या मालकाला फोन केला तर म्हणाले, पेटी गॅरेजवाल्यानं बसवली, बिल कसलं मागता. पॉलिसीत फ्रीजरचा शब्दही नाही. म्हणजे गाडीतली सगळ्यात महागाची वस्तू कुठल्याच कागदावर नाही.

अजून तीन प्रश्न. पॉलिसीत मालकाचं पंधरा लाखांचं अपघात संरक्षण लिहिलंय, पण माझं लायसन्सच नाही, मग ते मला लागू होतं का? दिराच्या मुलाला काही झालं तर? आणि वितळलेल्या मालाचा विमा कुठेच नसतो का?

---

चरईतला सर्व्हेअर

पंधरा लाखांचं ते संरक्षण "मालक-चालका"चं आहे. मालकाकडे चालू लायसन्स नसेल तर ते लागू होत नाही. मग त्याचा हप्ता तुमच्याकडून घेतलाय का तेही बघा. मी अशा पॉलिस्या पाहिल्यात.

मुलाला आणि पुतण्याला स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घ्या. निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा तरी, बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात, अपघाती मृत्यूला दोन लाख. रक्कम थोडी आहे, पण वीस रुपयांत अजून काय मागणार? पुतण्याला तुम्ही पगार देत असाल तर तो तुमचा कामगार झाला. कामावर असताना त्याला इजा झाली तर कामगार भरपाईच्या कायद्यानं जबाबदारी तुमच्यावर येते. नातं मधे येत नाही. त्याची छोटी पॉलिसी वेगळी मिळते. ड्रायव्हर पगारी ठेवलात तर मोटार पॉलिसीतच त्याच्या जबाबदारीची पुरवणी जोडता येते, माणशी पन्नास रुपयांची. ती जरूर जोडा.

वितळलेल्या मालाबद्दल माझं सरळ मत आहे. माल नासण्याची पॉलिसी असते, पण ती कोल्ड स्टोरेजवाल्यांसाठी आहे आणि मशिनरी ब्रेकडाउनच्या पॉलिसीला जोडून मिळते. दहा-बारा हजारांच्या मालासाठी तुम्हाला कोणी देईल असं वाटत नाही. आणि दिलीच तरी सुरुवातीची ठरावीक रक्कम स्वतः सोसून हातात काय येणार? तो धोका स्वतःच सोसा. दर आठवड्याला तीनशे रुपये वेगळ्या डब्यात टाका. आणि वीज गेली की बोंबलणारा अलार्म लावा. तो कुठल्याही पॉलिसीपेक्षा स्वस्त पडेल.

---

कोपरखैरणे केटरिंग

काकांना एक जोड. मी सोसायट्या आणि शाळांचे कार्यक्रम करते. ताई, तुमचं काम वाढलं की मोठ्या सोसायट्या आणि मॉलवाले "पब्लिक लायबिलिटी"चा, म्हणजे धंद्याच्या जागी कोणाला इजा झाली तर त्याच्या भरपाईच्या विम्याचा, कागद मागतील. मोटारीचं थर्ड पार्टी संरक्षण हे गाडीच्या वापरातून झालेल्या अपघाताचं. "वापर" या शब्दाचा अर्थ कोर्टं मोठा लावतात. आपल्या महाराष्ट्रातलाच पेट्रोल टँकरचा खटला आहे, टँकर उलटून पडून होता, काही तासांनी स्फोट झाला, तरी १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो गाडीचा वापरच धरला. पण गाडी पार्क केलेली आहे, तुमच्या टेबलासमोर वितळलेल्या चॉकोबारवर आजी घसरल्या, किंवा पेटीची फळी एखाद्याच्या बोटांवर पडली, तर विमा कंपनी वाद घालणारच. त्यासाठी पब्लिक लायबिलिटी वेगळी. दोन आकडे विचारतील, एका अपघाताला किती आणि वर्षाला एकूण किती. पहिल्या वर्षी छोटी रक्कम पुरे.

पोट बिघडल्याची तक्रार हा आणखी वेगळा विषय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तू बनवणाऱ्याबरोबर विकणाऱ्यावरही जबाबदारी येऊ शकते, माल नीट सांभाळला नाही तर. म्हणून वितरकाची बिलं फाइल करा आणि पेटीचं तापमान रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. उणे १८ किंवा त्याखाली. आणि त्या सकाळची मँगो कुल्फी पुन्हा गोठवून विकली नसेल अशी आशा करते. 😊

दुकानदार पॅकेजचं म्हणाल तर ते पत्त्याला बांधलेलं असतं. रस्त्यावरच्या टेम्पोतला माल त्यात येत नाही. घरी डीप फ्रीजर ठेवून साठा करत असाल तर त्याला उपयोग. त्याआधी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" विचारा. २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे ही पॉलिसी आहे, आग, वीज कोसळणं, पूर, वादळ यांसाठी. ऐरोलीत तळमजल्यावर असाल तर पुरासाठी तरी घ्याच. पण एक अडचण आहे. घरगुती मीटरवर धंद्याचा फ्रीजर चालवला आणि महावितरणवाले आले, तर वीज कायद्याचं १२६ कलम लावून दुप्पट दरानं आकारणी करू शकतात. विमा कंपनीही तोच मीटर बघते. आधी मीटरचं बघा.

---

घणसोली टेम्पो

मित्राला दाखवलं. म्हणाला दिल्लीपर्यंत कोण जाणार, पिवळी प्लेट करून घेतो. आता मलाच विचारतोय खर्च किती येईल.

आणि ताई, अतिक्रमणवाल्यांनी गाडी उचलली तर? त्याचा विमा असतो का?

---

तलावपाळीवाला

😂 तो विमा निघाला की पहिला अर्ज माझा. नाही रे बाबा, सरकारनं जप्त केलेलं कोणी भरून देत नाही.

---

ऐरोलीची आई

बारा दिवसांनी परत आले. काय काय झालं ते लिहिते, कोणाला उपयोग होईल.

विमा कंपनीच्या ऑफिसात स्वतः गेले. एजंटला नेलं नाही. काउंटरवरची मुलगी चांगली होती. गाडी तपासायला माणूस आला, त्यानं पेटीचे फोटो काढले आणि म्हणाला, आरसीत उघडी आणि समोर बंद, हे आधी दुरुस्त करा. मग वाशीच्या आरटीओत दोन चकरा. पेटीचा कागद पावणे-रबाळ्याच्या एका बॉडी बिल्डरनं करून दिला, त्यानं पेटीचं वजन आणि मापंही घेतली. आरसीवर नोंद होईपर्यंत दोन रविवारचा धंदा बुडाला, कारण मी गाडी हलवूच दिली नाही. मुलगा रुसला होता.

आता पॉलिसी माझ्या नावावर आहे. फ्रीजर आणि पेटी वेगळ्या किमतीनं लिहिलेली, आयएमटी २३ जोडलेली. मालकाच्या अपघाताचा हप्ता जुन्या मालकानं भरला होता, तो माझ्या नावावर करू नका असं लेखी दिलं. त्या मुलीनं दोनदा विचारलं, "नक्की ना काकू?" मी म्हटलं, माझ्याकडे लायसन्स नाही, मग मी कसली चालक. मुलाला आणि पुतण्याला वेगळा अपघात विमा काढला, शिवाय वीस रुपयांवाला दोघांनाही. पुतण्याची कामगार पॉलिसीही घेतली. त्याच्या आईला वाटलं मी काहीतरी अशुभ बोलतेय. तिला समजावायला आरटीओपेक्षा जास्त वेळ लागला.

पब्लिक लायबिलिटी दिवाळीनंतर. दुकानदार पॅकेजवाल्यांना नाही सांगितलं. मीटरसाठी अर्ज केलाय.

अलार्म पुतण्यानं बसवला. परवा रात्री अडीच वाजता वाजला. आम्ही धावत खाली गेलो, तर वीज होती, सगळं चालू होतं. मांजरानं अलार्मची वायर ओढली होती. शेजारच्या काकूंनी सकाळी विचारलं, रात्री काय झालं हो? त्यांना दोन मावा कुल्फ्या दिल्या.

गाडीच्या मागे आता एक आडवी साखळी लावली आहे आणि रिव्हर्सचा भोंगाही. गाडी हलवायची असली की पुतण्या खाली उतरून मागे उभा राहतो आणि मुलं बाजूला करतो. परवा तो छोटा पुन्हा आला होता, वीस रुपये घेऊन. यावेळी बापाचं बोट धरून.